मेंढरांनी तोंड न लावलेलं पाणी

ती घटना अजून माझ्या जिभेवर आहे. खात्यातल्या बाकीच्या निवृत्तांच्या आठवणी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. कुणाला खुनाची जागा दिसते, कुणाला भिंतीवरून उडी टाकणारा आरोपी. मला पाण्याचा एक तांब्या आठवतो, आणि त्याची चव. चव वाईट होती. तरीही कुणी विचारलं, की आजी, नोकरीतलं एक काही परत मिळणार असेल तर काय मागाल, तर मी पदक मागणार नाही, गणवेश मागणार नाही. त्या दारचा एक तांब्या मागेन. का, ते सांगते.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची फौजदार होते आणि बीड जिल्ह्यात, वडवणीच्या बाजूच्या एका ठाण्यावर नुकती रुजू झाले होते. गणवेशाला इतकी खळ, की मी खुर्चीत बसले तरी शर्ट उभाच असायचा. टोपी आरशात बघून घालायची, आणि घातल्यावर पुन्हा एकदा बघायची. 'कर्तव्य' हा शब्द दिवसातून चारदा तरी तोंडात. माझा एक नियमही होता: ड्युटीवर असताना कुणाच्या दारचा चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. चहातून ओळख होते, ओळखीतून भीड पडते आणि भिडेतून गुन्हा दबतो, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. वाक्य मला आजही आवडतं. त्यात पाणी घालायला नको होतं, एवढंच.

ठाण्यात एक जमादार होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पोट पट्ट्याच्या पुढे आणि कान तालुक्याच्या पुढे. मला ते 'मॅडम' म्हणायचे, पण त्या एका शब्दाचे त्यांच्याकडे दहा प्रकार होते. एकाचा अर्थ 'बरोबर आहे', एकाचा 'जरा थांबा', आणि एकाचा 'पोरी, तू आता खड्ड्यात पडणार आहेस'. हा शेवटचा प्रकार मला ओळखू यायला सहा महिने लागले. जमादार आता नाहीत. ती हाक ऐकायला मी आज काहीही देईन, तिसऱ्या प्रकारची असली तरी.

वर्ष दुष्काळाचं होतं. विहिरींचे तळ उघडे पडलेले, बोअर घेणाऱ्या गाड्या रात्रंदिवस जमिनीला भोकं पाडत फिरत होत्या आणि बहुतेक भोकांतून फुफाटाच निघत होता. गावंच्या गावं टँकरवर जगत होती. तालुक्याच्या सहकारी संघाचा डिझेल पंप होता, जनावरांची छावणीही संघच चालवत होता. छावणीत गाय-बैल घेत. मेंढरांना प्रवेश नव्हता. ती लहान जनावरं, सरकारच्या कागदात बसत नव्हती.

त्यातच वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. समुद्राकाठच्या कारखान्यातून जमिनीखालच्या नळाने डिझेल लांबच्या डेपोत यायचं आणि डेपोतून गाड्यांनी आमच्याकडे. तो नळ देखभालीसाठी दहा दिवस बंद राहणार, डेपोत साठा पुरेसा आहे, नागरिकांनी घाबरू नये, अशी ती बातमी. आता, आमच्याकडे 'घाबरू नये' असं छापून आलं, की लोक पहिल्यांदा घरातले रिकामे डबे शोधतात. दुसऱ्या दिवशी संघाच्या पंपावर डब्यांची रांग लागली. ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले, बोअरवाले, साखर कारखान्यांचा हंगाम संपवून ऊसतोड मजुरांना घरी आणणारे ट्रकवाले. ज्याच्याकडे डिझेलवर चालणारं काही नव्हतं, तोही उभा होता, कारण सगळे उभे होते. तिसऱ्या दिवशी पंप कोरडा. पाटीवरचा दर जागचा हलला नव्हता. तो तेव्हा सरकार ठरवायचं. पण पाटीच्या दराने द्यायला पंपावर काही नव्हतं. खरा भाव बाजारात, डब्यातून सांगितला जात होता आणि तो रोज चढत होता.

तहसीलदारांनी हुकूम काढला: येईल त्या डिझेलवर पहिला हक्क पाण्याच्या टँकरांचा, चिठ्ठी दाखवून.

गुरुवारी सकाळी ठाण्यात एक म्हातारी आली. धनगराची. कमरेत वाकलेली, हातात काठी, आणि त्या काठीनेच तिने माझ्या टेबलाला टकटक केली.

"बाई, तक्रार हाय."

"कुणाविरुद्ध?"

"पान्याविरुद्ध."

ठाणे अंमलदाराने मान खाली घातली. तो हसत होता.

"मेंढरं पान्याला तोंड लावनात," ती म्हणाली. "वास येतोय. वर मोराची पिसं तरंगत्यात."

मी समजूतदारपणे, म्हणजे मूर्खपणे, म्हणाले, "आजी, टँकरचं पाणी विहिरीत ओततात ना? त्यात औषध टाकतात. ब्लीचिंग पावडरचा वास असेल तो."

"गावबी तेच म्हनतंय. मानसाला सांगितलं की मानूस ऐकतं. मेंढराला कसं समजावू?"

"मग मेंढ्यांची तक्रार मी कुठल्या कलमाखाली घेऊ?" असं मी विचारलं, आणि विचारून दोन्ही बाजूंना बघितलं, कुणी हसतंय का. दोन शिपाई हसले. जमादार हसले नाहीत.

म्हातारी म्हणाली, "गावाचा ठराव हाय. सगळ्या बायांचं भरून झालं, की तळाचं मेंढरांचं. तेबी दोन दिस झालं पीत न्हाईत. मंगळवारच्या बाजाराला खाटीक येत्यात. तवर चांगलं पानी आलं तर ठीक, न्हाईतर मला कळप न्यावा लागंल. बावीस हायती. आमच्या मालकानं राखलेली. त्यांच्या माघारी मी एक बी इकलं न्हाई."

"तुम्ही तहसीलला जा. पाणी आमच्याकडे नाही."

"पानी कुनाकडंच न्हाई बाई," ती उठत म्हणाली. "म्हनून तर आले."

त्या दिवशी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. भरदार पुरुषी आवाज. "छावणीच्या गोदामात डिझेलची पिंपं दडवल्यात. संघाचा सेक्रेटरी काळाबाजार करतोय. लवकर जावा, न्हाईतर माल हालवील." नाव विचारलं तर फोन बंद.

मी टोपी घातली. अर्थात आरशात बघून.

जमादार म्हणाले, "मॅडम, टीप देनाऱ्याला काय पाह्यजेल, ते आधी बघावं."

"त्याला न्याय हवा असेल."

"आसंल. पर न्यायाची लई घाई दिसतीय त्याला."

तहसीलचा पुरवठा निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही जीपने निघालो. छावणीचा रस्ता म्हातारीच्या गावावरून जायचा, तिचं घर रस्त्याच्या कडेलाच. तिने लांबूनच जीप ओळखली असावी. ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. एका हातात तांब्या, दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा. तिला वाटलं, मी तिच्या तक्रारीसाठी आले.

"घे बाई, आधी पानी पी. उन्हाची आलीस."

त्या गावात त्या आठवड्यात पाण्याचा तांब्या पुढे करणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी आणखी ताठ झाले. म्हटलं, "आजी, ड्युटीवर मी कुणाकडचं पाणी घेत नाही. आणि तुमच्याकडे आधीच कमी आहे, मेंढ्यांना घाला." माझ्या मते मी एकाच वाक्यात प्रामाणिकही होते आणि दयाळूही.

तिने गुळाचा खडा मुठीत मिटला. "मेंढरं पीत न्हाईत, तेच सांगाया आलते," ती म्हणाली. "दारचं पानी न घेता जानारा मानूस गाऱ्हानं ऐकत न्हाई."

जीप पुढे गेली. जमादार मागे वळून बघत होते. म्हणाले, "मॅडम." तो तिसरा प्रकार होता, पण तेव्हा मला कुठे कळायला.

छावणीच्या गोदामात कडब्याच्या पेंढ्यांमागे अकरा पिंपं सापडली, काठोकाठ भरलेली. संघाचा सेक्रेटरी म्हणजे एक किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तो पळाला नाही, रडला नाही. त्याने पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"नळ बंद होनार म्हनून कंपनीनं आगाऊ कळवलं होतं. हे पत्र. तवाच मी उचल करून ठिवली. चारा आननाऱ्या ट्रकांसाठी आन् पान्याच्या टँकरसाठी. पंपावर ठिवलं असतं तर रांगेनं एका दिवसात पिऊन टाकलं असतं."

"साठ्याचा परवाना?"

"पंपाचा हाय. गोदामाचा न्हाई."

"मग चला."

कायदा माझ्या बाजूने होता. हे मी आजही म्हणेन, आणि म्हणताना थोडी लाजेन. पंचनामा केला, पिंपांवर लाखेची सीलं ठोकली, सेक्रेटरीला अटक केली. शुक्रवारी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला. वाघ मारलेल्या शिकाऱ्याने वाघावर ठेवावा, तसा मी पिंपावर हात ठेवला होता. 'धडाडीच्या महिला अधिकाऱ्याने उधळला काळाबाजार.' त्या पोरीला आज भेटता आलं असतं, तर मी आधी तिच्या टोपीवर टपली मारली असती. मग जवळ घेतलं असतं. काय सुंदर ताठ होती ती! आता माझी कंबर त्या म्हातारीइतकी वाकली आहे आणि त्या ताठपणाची मला हसत हसत आठवण येते.

शनिवारी सकाळी जमादार चहाच्या टपरीवरून आले. "मॅडम, डब्याचा भाव वाढला."

"साठेबाज पकडला, तरी?"

"तुमचा फोटो छापून आला, तवापासून. लोक म्हनत्यात, पोलीस पिंपं धराय लागले, म्हंजे आता डिझेल खरंच संपलं. काल ज्यांना नगं होतं त्येबी आज इचारत फिरत्यात."

दुपारपर्यंत टँकर थांबले. पंपावर नाही, आणि जे होतं ते माझ्या सीलाखाली. मुद्देमाल. कोर्टाच्या हुकुमाशिवाय त्यातला थेंबही कुणाला देता येत नव्हता, मलासुद्धा.

मी सेक्रेटरीला चौकशीसाठी समोर घेतलं. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. हात दुखला. तो शांतपणे चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला,

"मॅडम, बोलू का? नळ बंद केल्यानं डिझेल संपत न्हाई. बंद करायच्या आदुगर ते डेपो भरून ठिवत्यात. पर डेपोतून गाड्या निघत्यात त्या आधी शहराला, मग मोठ्या रस्त्याच्या पंपांना, आन् मग आमाला. शेवटच्या मानसापतुर यायला चार-पाच दिस जास्त लागत्यात. तेवढ्या दिसांत ज्याच्याकडं माल, त्येचाच भाव. आता मला सांगा, साठेबाज धरला की भाव पडाय पाह्यजे का चढाय पाह्यजे?"

"पडायला हवा."

"मला धरलं आन् भाव चढला. म्हंजे माल दुसरीकडं हाय. माझी पिंपं बंद झाली की कुनाचा डबा मोठा झाला, तेवढं बघा."

मी जबाबात हे सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना माझी मान ताठच होती. फोनवरचा तो आवाज आठवला. न्यायाची लई घाई.

रविवारी सकाळी जमादारांनी स्टेशन डायरी माझ्यापुढे ठेवली. गुरुवारच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात एक नोंद होती: अमुक गावची वृद्ध महिला ठाण्यात हजर, विहिरीच्या पाण्यास वास येऊन मेंढरे पाणी पीत नसल्याबद्दल तक्रार.

"ही कधी केलीत?"

"ती दारातून भाईर पडली तवाच. तुमची सही राह्यलीय. आन् सही करायची, तर जागा बघाय पाह्यजे, मॅडम."

हा कुठल्या प्रकारचा 'मॅडम' होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गावात पोचलो तर विहिरीभोवती हंड्यांची रांग होती, बायका सावलीला बसल्या होत्या आणि टँकर दोन दिवस आलेला नव्हता. त्यांनी एकदा जीपकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसल्या. म्हातारी अंगणात होती. मेंढरं तिच्याभोवती गुमान उभी, माना खाली. मेंढरांचा कळप इतका गप्प असतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"कशाला आलीस?" तिने विचारलं.

या खेपेला तिने तांब्या आणला नाही. नियम माझा, आणि तो तिने पाळला.

मी टोपी काढली. म्हटलं, "आजी, पाणी द्या."

जमादारांना अचानक आभाळात काहीतरी बघायचं होतं. म्हातारीने माझ्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग आत गेली, रांजणाचा तळ खरवडल्याचा आवाज आला, आणि तांब्या घेऊन आली.

मी पहिला घोट घेतला. जीपच्या टाकीला तोंड लावल्यासारखं वाटलं. तो घोट मी गिळला, कारण थुंकायची हिंमत नव्हती. तांब्या जमादारांच्या नाकाखाली धरला. त्यांनी वास घेतला आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"औषध न्हाई हे," ते म्हणाले. "डिझेल हाय."

इतकं साधं होतं. तेल पाण्यावर तरंगतं, मोराच्या पिसांसारखे रंग दाखवत. बायका वरचेवर हंडे भरून नेत. विहीर उपसत खाली गेली, की तेलाचा तवंगही खाली जाई आणि तळाच्या पाण्यात सगळा साठून राही. पहिल्यांना नुसता वास, शेवटच्याला डिझेल. आणि शेवटचं पाणी मेंढरांचं. गावाला 'औषध आहे' म्हणून समजावता आलं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने तर स्वतःच समजावलं. बावीस मेंढरं तेवढी फसली नाहीत.

"आजी, हे पाणी कुठल्या टँकरनं टाकलं?"

"निळ्या तोंडाच्या. दाराला घोड्याची नाल ठोकलेला. लई दिस बंद हुता, मधी एकच खेप टाकली." मग काठी जमिनीवर टेकत ती म्हणाली, "त्येचा ड्रायव्हर एरवी दर खेपेला माझ्या दारी थांबून तांब्याभर पानी पितो. त्या दिशी दिलं, तर घेतलं न्हाई. या दुष्काळात दोघंच जन माझं पानी न घेता गेले. एक त्यो, आन् एक तू."

नोकरीत पुढे मला वरिष्ठांनी पुष्कळ सुनावलं. असं कुणी सुनावलं नाही.

तो ड्रायव्हर दुपारी टपरीवरच सापडला. त्याला ठाण्यात आणलं. मी बाही सरसावून प्रश्नांची यादी काढणार, तेवढ्यात जमादार हळूच म्हणाले, "मॅडम, आज तुमी गप बसा." आणि मी बसले. म्हातारीकडून आणलेलं पाणी त्यांनी एका तांब्यात ओतलं, तांब्या ड्रायव्हरपुढे ठेवला.

"उन्हाचा आलास. पी."

"तहान न्हाई, जमादारसाहेब."

"बरं. लागंल तवा पी."

जमादार स्वतःच्या कामाला लागले. जुने समन्स लावत बसले. पंखा बंद होता, वीज गेली होती. ड्रायव्हरच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला आणि तिथून टपकायला लागला. तो तांब्याकडे बघेना. तासाभराने त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"दुसरं पानी मिळंल का?"

"का रं? त्यात काय हाय?"

ड्रायव्हरने बाहीने घाम पुसला.

"तुझ्याच गाडीनं टाकलेलं पानी हाय बाबा. अख्खं गाव पितंय. लेकरं पित्यात. तुला काय झालं?"

त्या 'लेकरं'वर तो मोडला. तांब्या हाताने बाजूला सारत म्हणाला, "साहेब, मालकानं करायला लावलं. मी साबनानं दोनदा टाकी धुतली हुती. तरी वास गेला न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. टँकरचा मालक, तोच फोनवरचा आवाज, तहसीलची चिठ्ठी दाखवून पाण्याच्या खेपांसाठी डिझेल उचलत होता. खेपा टाकायच्याच नाहीत, डिझेल साठवायचं आणि बोअरवाल्यांना, ट्रकवाल्यांना डब्याने विकायचं. साठवायला त्याला पिंपं लागली नाहीत. पाण्याचाच एक टँकर 'नादुरुस्त' दाखवून त्यातच भरलं. मधे तपासणी येणार असं कळलं, तेव्हा घाईने तो रिकामा केला, धुतला आणि पाण्याची एक खेप म्हातारीच्या गावात टाकली. तपासणी गेली, की पुन्हा डिझेल. तालुक्यात दुसरा मोठा साठा फक्त सेक्रेटरीकडे होता, चारा आणि पाण्यासाठी राखलेला. तो मोकळा झाला असता तर भाव पडला असता. तो माझ्या हातून बंद झाला.

दिंद्रुडच्या रस्त्यावर कापसाची एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या आवारात निळ्या तोंडाचा टँकर उभा होता, वर कडब्याच्या पेंढ्या टाकून. जमादारांनी झाकण उघडलं. आत पाणी नव्हतं. मालकाला अटक करून ठाण्यात आणलं, तेव्हा तो मला म्हणाला, "मॅडम, टीप तर मीच दिली हुती की. मी तर पोलिसांना सहकार्य केलं." त्याच्या तोंडचं 'सहकार्य' ऐकून कोठडीतला सेक्रेटरी पहिल्यांदा हसला.

आता प्रश्न माझ्या सीलांचा होता. सोमवारी मी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभी राहिले आणि शुक्रवारी सेक्रेटरीला हजर करताना जे डिझेल जप्त ठेवण्यासाठी ठासून बोलले होते, तेच सोडण्यासाठी ठासून बोलले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "त्या दिवशीच्या तुम्हीच ना?" मी म्हटलं, "होय साहेब. त्या दिवशीची चूक माझीच." हुकूम लिहून, नकला होऊन हातात पडायला मंगळवारची सकाळ उजाडली. सीलं मी माझ्या हाताने फोडली. जामिनावर सुटून आलेला सेक्रेटरी घरी न जाता थेट गोदामात आला होता. पहिल्या टँकरच्या टाकीत त्यानेच डिझेल ओतलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "आधी गाडी जाऊ द्या मॅडम, मग बोलू."

टँकरच्या मागोमाग आमची जीप गावात पोचली तेव्हा ऊन माथ्यावर होतं. विहिरीपाशी बायका उठून उभ्या राहिल्या. म्हातारीच्या अंगणात कुणी नव्हतं. नुसत्या लेंड्या, आणि कोपऱ्यात काठीने मोजून ओढलेल्या बावीस रेघा.

मी बाजारात गेले. ती एका लिंबाखाली बसली होती. हातात एक दोर, दोराला एक मेंढी. मला बघून तिने जागा करून दिली. मी खाली मातीत बसले, खळीच्या गणवेशासकट.

"आजी, पाणी आलं."

"आलं?" ती म्हणाली. "झालं मग." मग दोर हाताला गुंडाळत म्हणाली, "एकवीस गेली. हिचे दात पडल्यात, हिला कुनी घेतलं न्हाई. म्हातारीला म्हातारी ठिवली देवानं."

आणि ती हसली. मला हसू येईना, तर माझ्या गुडघ्यावर काठी टेकवून म्हणाली, "हास की बाई. रडून पानी कशाला घालवतीस?"

मेंढीला जीपमध्ये मागे बसवलं. जमादार तिला कवटाळून बसले, 'आरोपी ताब्यात' असं पुटपुटत. गावात बायकांनी विहिरीचा तळ आधीच उपसून पुसून घेतला होता आणि मग तिच्यात टँकर रिकामा झाला होता. बायकांनी आपले हंडे बाजूला घेतले आणि पहिली बादली मेंढीपुढे ठेवली. मेंढीने नाक लावलं, थांबली. आम्ही सगळे थांबलो. मग ती प्यायली, बादली रिकामी होऊन हलेपर्यंत प्यायली.

म्हातारीने तांब्या भरला आणि मला दिला. मी प्याले. चांगलं पाणी होतं. चांगल्या पाण्याला चव नसते, म्हणून ते मला आठवत नाही.

मालकाला पुढे शिक्षा झाली. सेक्रेटरी निर्दोष सुटला आणि मला बघितलं की चष्मा काढून पुसायचा, ही त्याने मला दिलेली माफी होती असं मी समजते. वर्षभराने माझी बदली झाली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या रस्त्याने गेले, तेव्हा त्या जागी घराचा नुसता चौथरा होता आणि रांजणाची खापरं.

या प्रकरणाने काय शिकवलं? टीप देणाऱ्याला काय हवं ते आधी बघावं, हे जमादारांनी सांगितलंच होतं. भाव चढतो तेव्हा नळाकडे बघू नये, रांगेच्या टोकाला जावं, शेवटी उभा असतो त्याला सगळ्यात आधी कळलेलं असतं, हे सेक्रेटरीने आणि मेंढरांनी शिकवलं. आणि कुणाच्याही दारात गेले, तर पाणी आधी घ्यायचं, हे मी स्वतः ठरवलं. पुढची तीस वर्षं मी साक्षीदारांच्या, फिर्यादींच्या, एकदा तर आरोपीच्याही घरचं पाणी प्याले. प्रामाणिकपणा काही कमी झाला नाही. तो पाण्यात विरघळत नाही.

परवा पेपरात पुन्हा चार ओळी आल्या. कुठलासा नळ देखभालीसाठी बंद, साठा पुरेसा, घाबरू नये. सून म्हणाली, "आई, गाडीत पेट्रोल भरून घेऊ का आजच?" मी म्हटलं, "तू घेशील, मग शेजारीण घेईल, मग सगळी गल्ली, आणि संध्याकाळी तुम्हीच म्हणाल, बघा, संपलं." तिला पटलं नाही. ती भरून आली.

मी गच्चीत बसून राहिले. दुपारची वेळ, जिभेवर ती डिझेलची चव. पण मला जो तांब्या परत हवा आहे, तो हा नव्हे. या तांब्याची चव मला ठाऊक आहे. मला हवा आहे त्याच्या आधीचा, गुरुवारचा. रस्त्याच्या मधोमध, उन्हात, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातावर गुळाचा खडा घेऊन ती उभी आहे. तो तांब्या मी तेव्हा घेतला असता, तर डिझेल त्याच घोटात कळलं असतं आणि बावीसच्या बावीस अंगणात राहिली असती. जीप अजून तिथे थांबलेली आहे. मी टोपी काढून मांडीवर ठेवते, आणि हात पुढे करते.